पात्र, अपात्र

सकाळचे साडेसहा. शुक्रवार, ११ फेब्रुवारी १९४९. तुम्ही शिरड शहापुरात उभे आहात आणि थंडी अजून हटलेली नाही.

काल संध्याकाळीही तुम्ही याच गावात होतात, फक्त तो काल पंचाहत्तरांहून जास्त वर्षं पुढचा होता. औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या एसटीतून उतरलात, तेव्हा शिजणाऱ्या हळदीचा ओला, मातकट वास नाकात शिरला. बॉयलरपाशी माणसं तोंडाला रुमाल बांधून घमेली रिकामी करत होती. ताडपत्रीवर पसरलेल्या ढिगातलं एक हळकुंड तुम्ही उगाच उचललंत आणि खिशात टाकलंत. ते अजून खिशात आहे, बोटं पिवळी आहेत. बाकी सगळं गेलं आहे. बॉयलर नाही, ताडपत्री नाही, विजेचे खांब नाहीत, डांबर नाही. मल्लिनाथाचं देऊळ मात्र आहे.

खिशातली पाचशेची नोट बाहेर काढू नका. इथे हाली सिक्का चालतो. सात हाली दिले की सहा कळदार मिळतात, आणि हे गणित गावातल्या पोरालाही तोंडपाठ आहे. निजामाचं राज्य संपून पाच महिनेही झालेले नाहीत. हैदराबादेत जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर आहेत, जिल्हा परभणी आहे, हिंगोलीचा जिल्हा व्हायला अजून पन्नास वर्षं आहेत. रझाकारांच्या भीतीनं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेलेली माणसं परतली आहेत, आणि पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात ज्यांच्यावर उलटलं ती मुसलमान घरंही आपापली मोडतोड सावरत आहेत. या दोन्हींबद्दल सकाळी सकाळी कुणी बोलत नाही. रानात शाळू उभा आहे. कणसं भरली आहेत, आणि गोफण घेऊन एक पोरगं माचाणावर चढतंय.

एक माणूस बैलांमागून चालला आहे. त्याला नाव विचारू नका, आपण ते लिहिणार नाही. त्याचं नाव तसंही दोनच ठिकाणी लिहिलेलं सापडेल: पटवाऱ्याच्या दप्तरात उर्दूत, आणि सावकाराच्या वहीत. तिसऱ्या ठिकाणी ते कधी येईल असं त्याला वाटत नाही. त्याला कुणी सांगितलं की बाबा, तुझ्यावर नाटक होऊ शकतं, तर तो थांबून तुमच्याकडे बघेल आणि हसेल. डोंबाघरी पाणी भरणारा हरिश्चंद्र, जुगारात राज्य हरलेला नळ, रथाचं चाक रुतलेला कर्ण, ही माणसं रात्र रात्र गाऊन-सांगून होतात. दुःख मोठ्यांचं असतं. आपण घोंगडी पांघरून ऐकायचं, डोळे पुसायचे आणि पहाटे मोट धरायची.

बरोबर याच घटकेला, साडेदहा तास मागे चालणाऱ्या घड्याळात, न्यूयॉर्कमध्ये गुरुवारची रात्र आहे, आठच्या सुमाराची. चला.

पश्चिम पंचेचाळीसाव्या रस्त्यावर मोरॉस्को थिएटर. हे थिएटर १९८२ मध्ये पाडतील आणि त्या जागी हॉटेल उभं राहील, पण आज दिव्यांखाली गर्दी आहे, फरचे कोट आहेत, सिगारेटचा धूर आहे. जागेवर बसल्यावर तुमच्या हळदीच्या बोटांचा ठसा कार्यक्रमपत्रिकेवर उमटतो. त्यावर नाव आहे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’. लेखक आर्थर मिलर, वय तेहेतीस. दिग्दर्शक एलिया कझान. मिलरनं हे नाटक गेल्या वर्षी कनेक्टिकटमधल्या रॉक्सबरीला, स्वतःच्या हातानं बांधलेल्या छोट्याशा खोलीत बसून लिहिलं. पहिला अंक एका दिवस-रात्रीत झाला. आधी त्याला नाव द्यायचं होतं ‘त्याच्या डोक्याच्या आत’. फिरत्या विक्रेत्याचा धंदा करणारा, थापा मारणारा, शेवटी स्वतःचा जीव देणारा एक मामा त्याच्या डोक्यात होता. आणि मंदीत कोटांचा कारखाना बुडालेला बापही कुठेतरी होताच.

पडदा वर गेला की तुम्हाला घर दिसतं, पण भिंती नसलेलं, नुसता सांगाडा. जो मिल्झायनरनं उभं केलेलं हे घर चारी बाजूंनी उंच इमारतींनी दाबून धरलंय. बासरी वाजते. दोन अवजड पेट्या घेऊन एक माणूस आत येतो. विली लोमन, वय त्रेसष्ट. (ली जे. कॉब हा नट खरा सदतीस वर्षांचा आहे. त्याच्या खांद्यांकडे बघून हे पटत नाही.) पेट्या खाली ठेवतो, तळवे चोळतो. त्या पेट्यांत काय आहे हे नाटक संपेपर्यंत कुणीही सांगत नाही. कापड असेल, मोजे असतील, काहीही असेल. तुम्ही बियाण्याची पाकिटं भरलेली पिशवी मोटारसायकलला अडकवून कुरुंदा, वसमत, जवळा बाजार अशी फिरणारी कंपनीची पोरं पाहिली आहेत. तुम्हाला त्या पेट्यांचं वजन कळतं.

मग ते संभाषण येतं ज्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. गावाला जाऊन आलेला विली बायकोला सांगतो की बॉस्टनला आणि प्रॉव्हिडन्सला मिळून बाराशेंचा धंदा केला. लिंडा पेन्सिल घेऊन दलाली मोजायला बसते, तसा आकडा उतरू लागतो. उतरत उतरत सगळ्या फेरीचे दोनशे होतात, आणि हातात येतात सत्तर डॉलर. आता ती देण्याची यादी वाचते. फ्रिजचे सोळा, कपडे धुण्याच्या यंत्राचा हप्ता, छपराची दुरुस्ती, गाडीचा कार्ब्युरेटर. पंधरा तारखेपर्यंत एकशेवीस डॉलर पाहिजेत.

थिएटरात काही लोक हसतात. तुम्हाला हसू येत नाही, कारण हे तुम्ही ऐकलंय. पारावर सांगताना एकरी दहा क्विंटल सोयाबीन झालेलं असतं, आणि घरी आल्यावर बायको अडत्याची पट्टी पुढ्यात ठेवते. हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल वजा. माणूस पट्टीकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. ही थाप दुसऱ्याला फसवण्यासाठी मारलेली नसते. पारावरून घरापर्यंतची वाट ताठ मानेनं चालता यावी एवढ्यापुरतीच ती असते.

दुसऱ्या अंकात विली मालकाकडे जातो. मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा, ज्याचं नाव आपण ठेवलं असं विली सांगतो. छत्तीस वर्षं नोकरी झाली आहे. आता फिरती झेपत नाही, शहरातच जागा द्या, एवढी विनंती. मालकाला आपण आणलेलं नवं आवाज टिपणारं यंत्र दाखवायची घाई आहे. त्यात त्याची मुलगी शिट्टी वाजवते, मुलगा राज्यांच्या राजधान्या म्हणून दाखवतो. विली आठवड्याला पासष्ट डॉलर मागतो. मग पन्नास. मग चाळीस. समोरचा काहीही न बोलता याचा भाव पाडतो आहे. मोंढ्यात वाहन उभं करून, परत न्यायचं भाडं मनात मोजत, स्वतःच स्वतःचा दर खाली आणणारा माणूस ज्यानं पाहिला असेल त्याला या प्रसंगाचं भाषांतर लागत नाही. शेवटी विलीला चाळीस मिळत नाहीत आणि नोकरीही राहत नाही.

एवढ्यानंही मी विलीला थोर म्हणणार नाही, मिलरही म्हणत नाही. हा माणूस बढाईखोर आहे. बॉस्टनच्या हॉटेलात परक्या बाईबरोबर मुलानं त्याला पाहिलंय, आणि घरी बायको फाटके मोजे शिवत बसली की हा तिच्यावर ओरडतो. शेजारचा चार्ली दर आठवड्याला गुपचूप पन्नास डॉलर हातावर ठेवतो, वर नोकरी देऊ करतो. विली पैसे घेतो आणि नोकरी नाकारतो. उसने चालतात, कारण ते फेडायचे असतात. शेजाऱ्याकडे चाकरी नको. हा हट्ट तुम्ही कुठे पाहिलात ते तुम्हीच आठवा.

लिंडा मुलांना काही लपवत नाही. तुमचा बाप मोठा माणूस नाही, हे तीच आधी सांगून टाकते. पण तो माणूस आहे आणि त्याचं काहीतरी भयंकर चाललंय, तेव्हा त्याच्याकडे लक्ष द्या, एवढंच तिचं मागणं.

आणि मग बियाणं.

मुलांनी त्याला हॉटेलात एकटं टाकलंय. नोकरी गेली आहे. रात्र झाली आहे. विली दुकान शोधत जातो आणि काय घेतो, तर बी. गाजर, बीट, सॅलडची पानं. घरामागच्या त्या चिमूटभर जमिनीत, जिथे इमारतींमुळे ऊन पोचत नाही, तो एका हातात बॅटरी आणि एका हातात कुदळ घेऊन वाकतो. पाकिटावरचं वाचतो, पावलांनी अंतर मोजतो, ओळी आखतो. आणि आखता आखता मेलेल्या थोरल्या भावाशी सल्लामसलत करतो: आपण मेलो तर विम्याचे वीस हजार डॉलर पोराला मिळतील ना?

तुमच्या आजूबाजूच्या लोकांना हा वेड्याचा चाळा दिसतो आहे. तुम्ही खुर्चीत पुढे सरकता. ऊन नसलेल्या जागी बी लावू नये, हे तुमच्या हाताला कळतं. पण सगळं हातचं गेल्यावर माणूस कृषी सेवा केंद्रात का जातो आणि उधारीवर पुन्हा पिशवी का उचलतो, हेही तुम्हाला कळतं. विमा म्हटल्यावर तुमच्या डोक्यात पीकविमा येतो: नुकसान झालं की ७२ तासांत कळवा, फोटो टाका, असा सांगावा असायचा. इथे विमा माणसाचा आहे, पीक म्हणजे तो स्वतः.

विलीचा हिशेब चुकीचा आहे. मुलाला पैसे नको होते, बापानं खोटं स्वप्न सोडावं एवढंच हवं होतं. शेवटच्या प्रसंगात कबरीपाशी चार-पाच जण उभे आहेत. गावोगावचे विक्रेते येतील, मोठी अंत्ययात्रा निघेल, असं विलीला वाटायचं. कुणी आलेलं नाही. घराचा शेवटचा हप्ता त्याच दिवशी फिटला आहे.

हा शेवट मात्र काही आठवडे मागे जाऊन बघा, फिलाडेल्फियातल्या पहिल्या प्रयोगात. पडदा पडतो. टाळ्या नाहीत. तुम्हाला वाटतं, नाटक पडलं. कोट चढवून उठलेले काही पुरुष पुन्हा खाली बसतात. कुणी तोंडावर रुमाल धरलाय, कुणी वाकून शेजारच्याशी कुजबुजतंय. मग कुणीतरी आठवण झाल्यासारखी टाळी वाजवतो आणि ती थांबत नाही. मोठमोठ्या दुकानांचे मालक बर्नार्ड गिंबेल यांनी त्यानंतर आपल्याकडे हुकूम सोडला की केवळ वय झालं म्हणून कुणाला काढायचं नाही. हे मिलरनंच पुढे लिहून ठेवलंय. तो हुकूम किती दिवस टिकला असेल, ही माझी शंका.

पुन्हा न्यूयॉर्क. येत्या रविवारपर्यंत थांबून भागणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही, २७ फेब्रुवारीपर्यंत थांबा. त्या दिवशीचं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ घ्या, त्यात मिलरचा लेख आहे. ग्रीकांपासून चालत आलेला दंडक असा की शोकांतिकेचा नायक उंचावरचा हवा, म्हणजे पडला की आवाज होतो. मिलरचं म्हणणं, साधा माणूसही शोकांतिकेला तेवढाच लायक आहे. राजाला जे वाटतं ते सगळं त्यालाही वाटतं. आपली जगातली जागा कुणीतरी हिसकावून घेतंय या भयानं जो सर्वस्व पणाला लावतो, तो नायक. मग त्याचा हुद्दा काहीही असो.

लायक. याला मराठीत आणखी एक शब्द आहे: पात्र. ज्या भांड्यात काही मावतं ते पात्र, ज्यातून नदी वाहते ते पात्र, नाटकात जे माणूस होऊन येतं ते पात्र, आणि सरकारी कागदावर मदतीला जो लागू होतो तोही पात्र. हा शब्द खिशात ठेवा, हळकुंडाशेजारी. पुढे लागेल.

आता जरा मागे चला, कारण तुमच्या मनात आलंच असेल की हे आपल्याकडे आधीच झालं होतं. झालं होतं. १९१९ चा फेब्रुवारी, बडोदा. गंधर्व नाटक मंडळी ‘एकच प्याला’ लावते आहे. लिहिणारे राम गणेश गडकरी महिन्यापूर्वीच सावनेरला वारले आहेत. नायक सुधाकर, साधा वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद जाते, प्याला हातात येतो आणि घर संपतं. राजा नाही, सरदार नाही, लढाई नाही. मिलरच्या तीस वर्षं आधी आपण हे करून बसलो होतो, आणि अमेरिकेनं त्याची दखल घेतली नाही म्हणून आपणही घेतली नाही.

पण प्रेक्षकांचं बोलणं नीट ऐका. बाहेर पडताना ते काय म्हणतात? दारू वाईट. सुधाकरचं दुखणं अपमानात होतं. लोकांना औषध सापडलं ते बाटलीत. मेलेल्या माणसाचा दोष एकदा हाती लागला की आपण सुटतो. पुढच्या शंभर वर्षांत ही सवय गेलेली नाही. कुणी जीव दिल्याची बातमी गावात आली की दुसरा किंवा तिसरा प्रश्न ठरलेला असतो: प्यायचा का?

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, आणि ती जास्त आदबशीर आहे. जुन्या नाट्यशास्त्रात ‘नाटका’चा नायक प्रसिद्ध राजवंशातला. सामान्याला ‘प्रकरण’ नावाचा वेगळा प्रकार. त्यात दिवाळं निघालेला चारुदत्त येऊ शकतो, पण वधस्तंभापर्यंत नेऊनही त्याला शेवटी सोडवायचंच. म्हणजे ‘नाटका’चा मान राजाला. आधुनिक काळात आपण यावर तोड काढली: सामान्याला आधी राजा म्हणायचं. डिसेंबर १९७० मध्ये मुंबईत ‘नटसम्राट’ उभं राहतं, डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर होतात, आणि थिएटर हमसाहमशी रडतं. घरातून निघून जावं लागलेला एक निवृत्त म्हातारा. गोष्ट एवढीच आहे, घरोघरची आहे. पण ती लिहिणाऱ्या शिरवाडकरांनी लिअर जवळ ठेवला होता आणि शीर्षकातच मुकुट होता. मी ते नाटक कमी लेखत नाही, कुणाची बिशाद आहे? एवढंच म्हणतो की विली लोमनच्या नावात ‘लो’ आहे आणि गणपतरावांच्या उपाधीत ‘सम्राट’ आहे, आणि हा फरक आपल्याबद्दल काहीतरी सांगतो.

शेतकऱ्याला आपण काय म्हणतो? बळीराजा.

वाटेत एका ठिकाणी डोकावून जाऊ. मे १९८३, बीजिंग. मिलर स्वतः तिथल्या नटांना घेऊन ‘सेल्समन’ बसवतोय. तिथे फिरते विक्रेते नाहीत, हप्त्यांवरचे फ्रिज नाहीत, विलीसारखा विमा उतरवणारं कुणी नाही. यिंग रुओचेंग यांनीच भाषांतर केलंय आणि तेच विली झालेत. मिलरची एक अट मोलाची: सोनेरी केसांचे टोप नकोत, चेहऱ्याला पांढरा रंग नको. अमेरिकन होऊ नका, चिनी राहूनच करा. प्रयोग लागला, बाप कळला, मुलगा कळला. शिरड शहापूर त्या मानानं सोपं आहे. इथे हप्ते आहेत.

तिथून तीन वर्षं पुढे, आणि आता आपल्या बाजूला. १९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी वर्ध्याजवळ पवनारपाशी दत्तपूरला, बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रात जाहीरपणे नोंदली गेलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानतात. त्या खोलीत मी तुम्हाला नेणार नाही. प्रवास कालाचा असला तरी काही दारं उघडायची नसतात. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या अंबाजोगाईच्या अमर हबीब यांच्या हाकेवरून त्या तारखेला माणसं एक दिवस अन्न सोडतात. लिंडानं मुलांकडे जे मागितलं होतं त्याचंच हे एक रूप आहे, बिनशब्दाचं.

मी तुम्हाला नेतो ते एका टेबलापाशी. साल २००६ नंतरचं कुठलंही धरा. जिल्ह्याचं ठिकाण मराठवाड्यातलं किंवा वऱ्हाडातलं, कुठलंही. पंखा फिरतोय, चहाचे कप आहेत, फायलींचा गठ्ठा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरणं बघते आहे. हो, त्या फायलींनाही प्रकरण म्हणतात. शास्त्रात चारुदत्ताला दिलेलाच शब्द. मदत एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. निकष तीन: नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा. जमीन नावावर किंवा कुटुंबाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. प्रत्येक फायलीच्या शेवटी एक शब्द येतो: पात्र. किंवा अपात्र.

तुम्ही कोपऱ्यात उभे राहून ऐका. एकाची जमीन बटाईची होती. अपात्र. एकानं पैसे पाहुण्याकडून घेतले होते, कागद नाही. अपात्र. एकाचं घरात भांडण झालं होतं. एकाला पोटाचं दुखणं होतं. एक प्यायचा. माणसं वाईट नाहीत ही, टेबलाभोवतीची. सरकारी पैसा वाटायचा तर नियम लागतात. कुणी थोडं ताणून बसवायचा प्रयत्नही करतं. पण शब्द बघा कसा उलटला. नाटकात माणूस पात्र होतो तो त्याच्या खोडींसकट: थाप, हट्ट, बायकोवर ओरडणं, नको त्या जागी बी लावणं. ते काढून घेतलं तर विली लोमन उरतच नाही. इथे पात्र व्हायचं तर माणसाला एकच कारण असावं लागतं, तेही कागदावर. भांडला असेल, प्यायला असेल, खोटा आकडा सांगितला असेल, तर तो अपात्र. विलीची फाइल या टेबलावर आणून बघा. नोकरी गेली हे खरं, पण परस्त्री, भ्रमिष्टपणा, मुलाशी वाद. बॉस्टनचं प्रकरण वाचून कुणीतरी मान हलवील.

आणि बाहेर भाषणात त्याच माणसाला बळीराजा म्हणतील. मधली जागा, जिथे तो राजाही नसतो आणि अपात्रही नसतो, नुसता माणूस असतो, ती आपल्या रंगभूमीवर फार थोड्यांनी झाडून ठेवली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’नं १९९७ मध्ये गिरणी बंद पडलेल्या घराला ती दिली. पडद्यावर सतीश मनवरच्या ‘गाभ्रीचा पाऊस’नं २००९ मध्ये दिली. त्यात शेजाऱ्यानं जीव दिल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. ते बघताना मला लिंडाच आठवली होती. नवऱ्यानं मरायची तयारी करून ठेवल्याचं लिंडाला कळलेलं असतं, आणि त्याची लाज राखायची म्हणून ती त्याला काही विचारू शकत नाही. अलकाच्या नवऱ्याला, किसनाला, पाळतीचा राग येतो. हसूही येतं. त्या चित्रपटात विनोद आहे, हे मला फार बरं वाटलं होतं.

आणि ‘तेरवं’. श्याम पेठकरांनी लिहिलं, हरीश इथापेंनी बसवलं. त्यात काम करणाऱ्या बायकांमध्ये अशाच घरांतल्या, मागे राहिलेल्या बायका. मिलरच्या शेवटच्या प्रसंगात लिंडा कबरीपुढे बसते आणि तिला रडू फुटत नाही. इथे लिंडाच मंचावर उभ्या आहेत, गात आहेत, विचारत आहेत. त्यांतल्या एक, वैशाली येडे, यांनी ११ जानेवारी २०१९ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. आधी बोलावलेल्या पाहुण्यांचं निमंत्रण रद्द झालं म्हणून ती खुर्ची रिकामी होती, हेही नोंदवायला हवं. पण मंडपात त्या दिवशी बसला असतात तर फिलाडेल्फियातली ती शांतता तुम्हाला ओळखू आली असती.

परत या.

शिरड शहापूर, आजचा फेब्रुवारी, रात्रीचे साडेअकरा. शेवटची एसटी केव्हाच गेली. मल्लिनाथाच्या देवळाचा दिवा दिसतो आहे. पानटपरीवर कुणीतरी फोनवर हळदीचा वसमतचा आजचा भाव दुसऱ्याला सांगतंय, आणि मला वाटतं थोडा चढवूनच सांगतंय. तुम्ही रस्ता सोडून पांदणीनं चालू लागता. बॉयलर विझलाय, पण वास आहे. पायाखाली ढेकळं आहेत, पुढे गहू.

लांब एक उजेड हलतो आहे. खाली येतो, थांबतो, पुन्हा चालतो. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. मोटार आता चालू झाली आहे आणि माणूस गव्हाला पाणी देतोय. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं. वाकतो, एक दारं मोडतो, दुसरं धरतो, पाणी सरीत शिरेपर्यंत उभा राहतो. ओठ हलताहेत. स्वतःशी बोलतोय की कानात फोनची वायर आहे, ते एवढ्या लांबून कळत नाही.

तुम्ही थांबता. जवळ जावं की नाही ते ठरत नाही. बघणाऱ्यानं किती जवळ यावं याचा नियम थिएटरात खुर्चीनं ठरवून दिलेला असतो, इथे बांध आहे.

उजेड वळतो आणि थेट तुमच्या तोंडावर पडतो.

‘‘कोण हाय तिकडं?’’

तुम्ही नाव सांगता.

‘‘कुणाचे?’’

तुम्ही बापाचं नाव सांगता. तो क्षणभर ते मनात फिरवून बघतो, बॅटरी खाली करतो.

‘‘या की मग. बांधावरून या पण. तिथून पाय देसान तर दारं फुटंल.’’